चिंचेच्या पाण्यातलं जस्त

मी बायकोचा दात पाडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नाणी, छंद, जर्मनी असलं गोड गोड बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल.

तर नाणी. पहिल्या महायुद्धात जर्मनीतलं तांबं आणि निकेल दारूगोळ्यात गेलं, सुट्ट्या पैशांची बोंब झाली, तेव्हा तिथल्या गावांनी जस्ताचे, लोखंडाचे आपापले तुकडे पाडले. अडीनडीचे पैसे. मी ते जमवतो. दिवसभर इथे आखातात शुऐबातल्या कारखान्यात पाइप कुठे गंजलाय ते शोधायचं आणि हवल्लीतल्या घरी येऊन भिंगाखाली हे तुकडे ओळखायचे, झालं माझं आयुष्य. चुंबक लावला की लोखंड चिकटतं, जस्त नाही. मग कडेची अक्षरं आणि मधलं चिन्ह बघायचं. किल्ली, अस्वल, बुरूज, त्यावरून गाव लागतं. जस्तावर राखाडी थर चढतो, तो कधीही काढायचा नाही. माझ्याकडे एक अष्टकोनी तुकडा युद्धकैद्यांच्या छावणीतला होता. ती छावणी कुठली हे शोधायला मला दोन वर्षं लागली.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातले जुने पैसे चिंच-मीठ लावून लख्ख करतात आणि पूजेच्या ताटात मांडतात. यंदा बायकोला वाटलं, नवऱ्याचा जीव ज्यात अडकलाय ते ताटात नको का? तिने माझा अल्बम रिकामा केला आणि सगळं चिंचेच्या पाण्यात भिजत घातलं. अल्बमला हात लावू नकोस, असं मी शंभरदा बजावलं होतं. का लावायचा नाही, ते एकदाही सांगितलं नव्हतं.

मी ड्यूटीवरून आलो तर पातेल्यात जस्त फसफसत होतं. छावणीचा तुकडा बाहेर काढला. अक्षरं गेली होती, नुसते काळे डाग.

"अक्कल गहाण टाकलीस काय गं?"

"अहो, चमकतील की अजून," ती हसत म्हणाली. "जरा घासते."

ते हसू बघून माझं डोकं फिरलं. उलट्या हाताची ठेवून दिली. ती ओट्याच्या कडेवर तोंडावर आपटली आणि रक्ताबरोबर दात फरशीवर पडला.

इथे मी थांबलो, असं लिहिता आलं असतं. नाही थांबलो. केस धरून तिला उभी केली, तोंड पातेल्यापाशी नेलं. "बघ! बघ काय केलंस!" त्याबरोबर तिने समई उचलून माझ्या कपाळावर घातली. भुवई फाटली. चौदा वर्षं अहो-जाहो करणारी बाई एकेरीवर आली. "मार ना, मुडद्या! पत्र्याच्या तुकड्यांपायी मार!" तिने पातेलं भिरकावलं. मी लाथ घातली, ती तिच्या मांडीवर बसली. मग ती माझ्या मनगटाला चावली आणि सोडेचना.

दिवाळीचं दार उघडंच होतं. शेजारचे चाचा, रत्नागिरीचे, इथे किराणा दुकान चालवतात, ते धावत आले आणि त्यांनी मला भिंतीशी दाबून धरलं. "आवर रे! मरेल ती!" चाचींनी तिच्या तोंडाला टॉवेल लावला आणि तिला आपल्या घरी नेलं.

ती पोलिसात गेली असती तर माझी नोकरी, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, सगळं एका दिवसात संपलं असतं. ती गेली नाही. मला, लाज वाटते सांगायला, आधी सुटल्याचाच आनंद झाला. चार दिवसांनी ती नाशिकला माहेरी निघून गेली.

घर खायला उठतं. ती परत येईल की नाही, एवढंच आता डोक्यात असतं. नाण्यांचं मेलं कोण बघतंय!

काल तिने पहिल्यांदा फोन उचलला. नवा दात बसवलाय म्हणाली, चावताना दुखतं. मी म्हणालो, "माफ कर. सगळी नाणी विकून टाकतो. ये."

"विकू नकोस. नाण्यांनी नाही मारलं मला. एवढंच सांग, पुन्हा हात उचलशील?"

'नाही' अगदी ओठावर होतं. पण त्याच क्षणी मनात आलं, विचारतेय कशी ही? मी काय राक्षस आहे? आणि रागाने कान तापले. दोन सेकंद गेले असतील, जास्त नाही.

"कळलं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.