गाब्रोव्होला मला का नेलं

आम्ही दोघं एकाच वर्षी ट्रेनी म्हणून चाकणच्या एका कंपनीत लागलो. मी धाराशिवकडून आलेला, या भागात ओळखीचं कुणी नव्हतं. तो देहूच्या पलीकडच्या एका गावचा, म्हणजे इथलाच. माझे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी शॉपवर, मशीनांच्या हॉलमध्ये होतो. कुणाला काही सांगायच्या आत त्याने गेटपास करून आणला, चुलत्याची गाडी मागितली आणि मला थेट गावी नेलं. दहाव्यापर्यंत तो आमच्याकडेच राहिला. आलेल्यांना पाणी देत होता, सतरंज्या झटकत होता. आईला वाटलं, हा आपल्याच भावकीतला कुणी असावा.

पुढे मी मेंटेनन्सलाच राहिलो आणि तो मॅनेजर झाला. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्याला बोलता यायचं. चाकणला जाणारी कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली की तो उभा राहून साहेबांच्या नकला करायचा आणि सगळी बस हसायची. मला मशीनशी बोलता यायचं, माणसांशी तेवढं जमायचं नाही.

एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "राव, पासपोर्ट आहे का तुझा?"

"आहे. का?"

"बल्गेरियाला जायचंय. आपण दोघं."

आमच्या कंपनीने तिथला एक जुना कारखाना घेतला होता. लहान गिअर बनवणारा. गावाचं नाव गाब्रोव्हो. तिथली मशीनं कशी चालतात, कुठे अडतात, सेटिंग कसं लावतात, हे महिनाभर राहून शिकायचं, असं त्याने सांगितलं. "तिकडचं काम वाढणार आहे. इथून मदत करायची तर आपल्याला त्यांची लाइन माहीत पाहिजे," तो म्हणाला. मी घरी आलो तेव्हा बायकोने पेढे आणून ठेवले होते. त्याने तिला आधीच फोन केला होता.

गाब्रोव्हो डोंगराच्या कुशीत, एका अरुंद नदीच्या दोन्ही काठांनी लांबलचक पसरलेलं गाव. विनोदासाठी सगळ्या देशात प्रसिद्ध, आणि विनोदाचा विषय गाब्रोव्होची माणसंच, त्यांचा चिक्कूपणा. ते म्हणे मांजरांच्या शेपट्या कापतात. हिवाळ्यात मांजर दारातून बाहेर जाताना शेपटीमुळे दार क्षणभर जास्त उघडं राहतं आणि घरातली ऊब जाते, म्हणून. रात्री घड्याळं बंद करून ठेवतात, चाकं झिजू नयेत म्हणून. स्वतःवरचे हे विनोद त्यांनी इतके जिवापाड जपलेत की गावात विनोदाचं एक मोठं संग्रहालयच आहे.

हे सगळं मला तिथल्या लाइनच्या सुपरवायझर बाईंनी सांगितलं. पन्नाशी ओलांडलेल्या, आडव्या बांध्याच्या, केस मुलासारखे कापलेले. त्यांचं इंग्रजी कामापुरतं आणि माझंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं. पहिल्या दिवशी मात्र गोंधळ झाला. तिकडे "हो" म्हणताना मान आडवी हलवतात आणि "नाही" म्हणताना होकार दिल्यासारखी खाली-वर. मी विचारलं, ऑइल बदललंय का? त्यांनी मान डोलावली, मी मशीन सुरू करायला गेलो आणि त्या ओरडत धावत आल्या. मग शॉपवरचे सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

माझा मित्र आल्या दिवसापासून तिथे राजा होता. मांजराची गोष्ट ऐकून त्याने लगेच पुणेकरांचा जुना विनोद काढला, पाहुण्याला विचारतात, चहा घेऊन आलात की घरी जाऊन घेणार? बाईंनी तो सगळ्यांना बल्गेरियनमध्ये सांगितला. एका म्हाताऱ्या ऑपरेटरने उठून त्याचा हात हातात घेतला आणि जाहीर केलं की पुणं हे गाब्रोव्होचंच हरवलेलं पोर आहे. मी हळूच म्हटलं, आम्ही पुण्याचे नाही, पिंपरी-चिंचवडचे. पण ते कुणाला समजणार?

पहिला आठवडा झाल्यावर तो सतत राजधानीला, सोफियाला मीटिंगसाठी जायला लागला. मी शॉपवर राहिलो. बाई मला एकेक मशीन उलगडून दाखवत होत्या. कोणतं थंडीत कुरकुरतं, कोणाचा पट्टा किती ताणायचा. त्यांनी काही हातचं राखलं नाही. शनिवारी त्यांनी मला गाव दाखवलं. नदीच्या मधोमध खडकावर उभा असलेला लोहाराचा पुतळा दाखवला, त्यानेच म्हणे गाव वसवलं. जुना दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, शेवटी विनोदाचं संग्रहालय. तिथे एका चित्रासमोर त्या बराच वेळ हसत राहिल्या आणि काही केल्या त्यांना तो विनोद मला समजावून सांगता आला नाही, म्हणून आणखी हसल्या.

एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मी मांस खात नाही म्हणून त्यांनी पापुद्र्यांचा, आत खारट चीज घातलेला भाजलेला प्रकार केला होता. बरोबर घट्ट दही आणि ताक. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती त्यांनी दह्यात कालवून खाल्ली. त्यांची मुलगी पण होती, पंचविशीची, त्याच कारखान्यात असेंब्लीवर. जेवताना आम्ही शब्द जुळवत बसलो. आमचा साबण, त्यांचा सापून. आमचा बाजार, त्यांचा पझार. शिशीला ते शिशे म्हणतात. प्रत्येक शब्द जुळला की मुलगी टाळ्या वाजवायची. तुर्कांची कृपा, बाई म्हणाल्या, शेकडो वर्षं त्यांचं राज्य होतं इथे. माझ्या मित्राने त्या दिवशी सगळ्यात जास्त खाल्लं आणि निघताना बाईंच्या पाया पडला. त्या अवघडून गेल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी बाईंनी मला बाजूला घेतलं. मुलीला दुसऱ्या शहरात काम मिळत होतं. घर सोडून जायला तिचं मन नव्हतं. "इथलं काम खरंच वाढणार आहे का?" त्यांनी विचारलं. "तसं असेल तर मी तिला थांब म्हणते. तुम्हाला माहीत असेल."

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं असतं. पण कुणाच्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, म्हणून म्हटलं, विचारून सांगतो. मी तिथूनच मित्राला सोफियाला फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं.

तो म्हणाला, "थांबू दे की. बिनधास्त सांग, राव."

मी फोन ठेवला आणि बाईंना म्हणालो, "थांबू द्या." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मुलीने त्याच दिवशी तिकडे नकार कळवला.

पुढच्या आठवड्यात एक माणूस टेप घेऊन शॉपवर आला आणि मशीनांची मापं घ्यायला लागला. लांबी, रुंदी, उंची. बाईंना वाटलं, ही माझ्या मित्राचीच काहीतरी गंमत. त्या लांबूनच ओरडल्या, "हिवाळ्यासाठी कोट शिवताय का त्यांना?" सगळे हसले. तो माणूसही हसला. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, मापं कशासाठी?

"खोक्यांसाठी," तो म्हणाला. "समुद्रातून जायचं म्हणजे लाकूड जाड लागतं."

"कुठे जायचं?"

त्याने माझ्या शर्टावरच्या कंपनीच्या चिन्हाकडे बोट केलं. "तुमच्याकडेच."

माझा मित्र त्या दिवशी गावातच होता. नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात मी त्याला गाठलं. मला बघितल्याबरोबर त्याला कळलं.

"बस," तो म्हणाला. "कॉफी घे."

"मशीनं चाकणला चाललीत?"

"व्हय."

तो गंभीर झाला की त्याची गावाकडची बोली बाहेर येते. एरवी मला ती ऐकायला आवडायची.

"आणि हा कारखाना?"

"बंद. महिन्याच्या शेवटी वकील येऊन सांगणार हाईत. आधी सांगितलं तर हे लोक काम टाकून जातील. मग सेटिंग कोण शिकवणार?"

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," तो म्हणाला. "तुला लपवता येत न्हाई काही. साहेबांनी विचारलं, बरोबर कुणाला नेतोस? मी तुझंच नाव दिलं. म्हटलं, ह्याच्याकडं बघून कुणाला शंका यायची न्हाई."

हे तो कौतुकाने बोलला, आणि तेच मला अजून खुपतं. इतक्या वर्षांत त्याने मला नीट ओळखलं होतं, आणि त्या ओळखीचा हा उपयोग केला होता. मी पेढे वाटून निघालो होतो. वाटलं होतं, माझं काम बघून मला नेतायत.

मी म्हणालो, "मी तुला फोन केला होता. बाईंच्या मुलीचं विचारायला."

"माहीत हाय मला."

"तू म्हणालास, थांबू दे."

"मग काय सांगणार होतो? जाऊ दे म्हटलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं." मग त्याने टेबलावर खरोखरच हात जोडले. "महिना संपेपर्यंत गप्प बस. माझ्यासाठी. एवढंच मागतो."

मी कॉफी न पिता उठलो. वडिलांच्या वेळचा तो, सतरंज्या झटकणारा, मला सारखा दिसत होता. हा तोच माणूस होता, यातच सगळा त्रास होता. परका असता तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत मी बाईंना सगळं सांगितलं. आधी त्या हसल्या. शेजारच्यांना सांगितलं, तेही हसले. विनोदाच्या गावात माझ्यासारखा माणूससुद्धा आता विनोद करायला शिकला, असं त्यांना वाटलं. मी तसाच उभा राहिलो. हळूहळू एकेकाचं हसू थांबलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना फोन करून विचारलं होतंत ना?"

"हो."

"माझ्या मुलीचं आहे, हे सांगून?"

"हो."

"आणि ते म्हणाले, थांबू द्या."

मी त्यांच्या पद्धतीने मान आडवी हलवून हो म्हटलं.

"तो माझ्या घरी जेवला," त्या म्हणाल्या. मग आपल्या मशीनपाशी गेल्या आणि ते बंद केलं. त्यांच्यामागोमाग एकेक मशीन बंद झालं. असेंब्लीच्या बाकावरून मुलगी आईकडे बघत होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

वकील महिनाअखेरीऐवजी दुसऱ्याच दिवशी आले. मला परत पाठवण्यात आलं. माझा मित्र तिथेच राहिला, आणि पावसाळा संपता संपता मशीनं चाकणला आली. ती मीच उभी केली. कोणतं थंडीत कुरकुरतं ते मला माहीत होतं. पट्टे ताणताना बाईंचा आवाज कानात यायचा आणि हात थांबायचे.

मी बाईंना फोन केला होता. मुलीने ज्या कामाला नकार कळवला होता ते दुसऱ्या कुणाला मिळून गेलं होतं. काही महिने ती घरीच होती. आता समुद्राकडच्या एका हॉटेलात खोल्या आवरते, सणासुदीलाच घरी येते. "तुमच्यावर राग नाही," बाई म्हणाल्या, पण आवाज सुपरवायझरचा होता, त्या जेवणाच्या दिवसाचा नव्हता. पुन्हा या, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही परत फोन केला नाही.

कंपनीत याची चर्चा होतीच. साहेबांनी मला बोलावून दोन शब्द सुनावले आणि सोडून दिलं, कारण मशीनं चालवायला मी लागणार होतो. पण एक दिवस कॅंटीनमध्ये मी ताट घेऊन आत आलो तर माझा मित्र टेबलाभोवती माणसं जमवून गाब्रोव्होचीच गोष्ट सांगत होता. टेपवाला माणूस, मशीनचे कोट, मी जाऊन कसं भाबडं विचारलं, "मापं कशासाठी?" माझा आवाज त्याने हुबेहूब काढला होता. लोक हसत होते. त्याने मला पाहिलं, क्षणभर अडखळला आणि तरी शेवटपर्यंत सांगितलं. मी बाहेर बाकावर बसून जेवलो.

त्या संध्याकाळी तो आमच्या सोसायटीत आला. वर आला नाही. पार्किंगमध्ये उभा राहून त्याने मला फोन केला. मी खाली गेलो.

"कॅंटीनचं मनावर घेऊ नको," तो म्हणाला. "लोक विचारतात. मग काय सांगू? रडून दाखवू?"

"खरं सांगायचं."

"माझ्यावर पण वरून दाब होता, भावा."

"मला माहीत आहे. पण मला सांगितलं असतंस तर?"

"तर तू आला नसतास."

"नसतो आलो."

तो हेल्मेट या हातातून त्या हातात घेत राहिला. मला वाटलं, आता तरी तो म्हणेल की माझं चुकलं. मी ते ऐकायला थांबलोही. त्या बोलण्यावर मी त्याला माफ केलं असतं, हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं.

तो म्हणाला, "वहिनीला सांग, आईने विचारलंय." आणि गाडीला किक मारली.

मी वर आलो. बायकोने गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं, तिघांचं. "त्याला वर का नाही आणलंत?" तिने विचारलं.

"गेला तो," मी म्हणालो. "आता नाही यायचा."