पाणी आणायला गेलेली ताई

अराक्सी बेद्रोसियननं तीस वर्षं डेट्रॉइटच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवली. नवरा गेल्यावर ती डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आली. २००५ साली तिला शहात्तरावं लागलं होतं. गुडघे कुरकुरत, पण सुईत दोरा अजून ती स्वतःच ओवत असे.

तिची आई वार्तुही आर्मेनियन. १९१५ साली तुर्कस्तानातल्या तिच्या गावातून सगळ्या आर्मेनियनांना हाकलून वाळवंटाच्या वाटेला लावलं, तेव्हा वार्तुही दहा वर्षांची होती. आईवडील वाटेतच गेले. चार वर्षांची बहीण नेवार्त तेवढी उरली होती, तीही हरवली. अनाथाश्रमातून वार्तुही अमेरिकेला पोचली, तिनं संसार केला, आणि मरेपर्यंत आर्मेनियन वर्तमानपत्रांत बहिणीच्या शोधाच्या जाहिराती दिल्या. पुढे अराक्सीही देत राहिली. उत्तर कधी आलं नाही.

शेजारी नागपूरची सुनेत्रा राहायची. नवरा मोटार कंपनीत इंजिनियर, आणि तिला तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ती अराक्सीला 'आजी' म्हणायची. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊनच आली.

"आजी, पेपर आता कोण वाचतं? नेटवर टाकू या. तिकडे तुर्कस्तानात ज्या मुसलमान घरांत अशा मुली वाढल्या, तिथली नातवंडं विचारायला लागलीत म्हणे, आमची आजी मूळची कोण."

अराक्सीनं सांगितलं, सुनेत्रानं टाइप केलं. सात महिन्यांनी जेमाल नावाच्या एका शिक्षकाची ईमेल आली. त्याच्या आजीचं नाव फातमा. जाण्याआधी तिनं घरच्यांना सांगितलं होतं, की आपण नेवार्त, वडील होवसेप खोगिरं शिवायचे, आणि वार्तुही नावाची ताई होती. आजी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. 'माझी आई हातिजे तुमच्याशी बोलायचं म्हणते,' असं शेवटी लिहिलं होतं.

अराक्सीनं चार दिवस उत्तर दिलं नाही.

"ज्यांनी मावशीला उचलून नेलं, त्यांच्याच घरची ही माणसं," ती सुनेत्राला म्हणाली. "काय बोलू त्यांच्याशी?"

सुनेत्रा म्हणाली, "ती तुमच्या मावशीची मुलगी आहे, आजी. आमच्यात तिला मावसबहीण म्हणतात."

शनिवारी सकाळी अराक्सीनं फोन लावला. मुलांपासून काही लपवायचं असलं की वार्तुही नवऱ्याशी तुर्कीत बोलायची, म्हणूनच मुलांना तुर्की आलं होतं. मोडकंतोडकं का होईना, ते आज कामी आलं.

हातिजेनं तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं. मग हळूच म्हणाली, "आई आम्हाला सांगायची, 'ताई पाणी आणायला गेली ती परत आलीच नाही. रागावून सोडून गेली असेल. मी रडत होते ना सारखी.'"

"आली होती," अराक्सी म्हणाली. "शिपायांनी विहिरीपाशी अडवून धरलं होतं तिला. संध्याकाळी परत आली, तेव्हा धाकटीला बसवलं होतं त्या झाडाखाली कुणी नव्हतं. दोन दिवस ती तिथून हलली नाही. शेवटी मारून पुढे हाकललं तिला."

हातिजे म्हणाली, "माझ्या वडिलांच्या आईनं तिला उचललं होतं. घरी नेऊन जेवू घातलं. पुढे सूनही करून घेतली."

अराक्सीनं विचारलं, "तुझी आई हसायची का?"

"हसायची. म्हातारपणी फार हसायची."

२००७च्या मे महिन्यात अराक्सी पुतणीला सोबत घेऊन हातिजेच्या गावी गेली. मावशीच्या थडग्यावर फातमा हे नाव होतं. खाली नेवार्तही कोरावं असं तिच्या फार मनात होतं. हातिजे म्हणाली, "नको. आम्हाला या गावात राहायचंय." अराक्सीला ते लागलं, तरी तिनं पुन्हा विषय काढला नाही. दोघी तिथेच गवतावर बसल्या. हातिजेनं घरून आणलेली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली.