सगळं डावीकडे

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर बघायला यायचा, त्याला आम्ही गोगलगाय म्हणायचो. तोंडावर. त्याला राग यायचा नाही, हाच त्याचा मोठा दोष. आधी चहा प्यायचा, मग मशीनकडे बघत बसायचा, मग आम्ही काम कसं करतो ते बघत बसायचा. "अरे बाबा, मुहूर्त शोधतोयस का?" मी एकदा खेकसले. मी चिडकी आहे, मान्य. तीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसून दाखवा, मग बोला.

मशीनं जुनी, नवीन काही त्यांना झेपेना. मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअरच बदलायचं, लिनक्स टाकायचं. हलकं आणि फुकट. झालं, गोगलगायीच्या अंगात वारं शिरलं. "ताई, यात चेहरा निवडता येतो! आतलं इंजिन तेच, पण पट्टी कुठे, मेनू कुठे, खिडक्या कशा उघडायच्या, ते आपण ठरवायचं." त्या चेहऱ्याला म्हणे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. स्वतःच्या लॅपटॉपवर त्याने असा काही लावला होता की खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरायची. चाळिशीचा बाप्या, पण ते दाखवताना टाळ्या पिटायचा तेवढा बाकी होता.

माझी अडचण मात्र वेगळीच होती. वर्षभर माझा उजवा डोळा दगा देत होता. त्या बाजूने कोण आलं ते दिसायचंच नाही. घरीदारी कोणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कळलं तर मला खिडकीवरून उठवून तळघरातल्या जुन्या फायलींत बसवतील, ही धास्ती. रोज दोनशे माणसांशी भांडायची सवय, तिचं मग मी काय करायचं? जुना स्क्रीन पाठ होता, हात आपोआप जायचा. नवीन म्हणजे बिंग फुटणार.

त्याने पेनड्राइव्हवर तीन चेहरे आणले, दिवसाला एक. पहिला दिसायला देखणा. आतल्या खोलीतून आलेले निरोप त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात उमटायचे. 'पुढचा पेशंट पाठवा' असं तीनदा आलं म्हणे, मी ढिम्म. शेवटी नर्स तणतणत बाहेर आली. मी गोगलगायीवरच उलटले. "कसला भिकार प्रकार आणलायस!" तो शेजारीच बसला होता. माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी चेहरा दुसरा, निरोप पुन्हा उजवीकडेच, आणि गोगलगायीची खुर्चीसुद्धा माझ्या उजवीकडे. बऱ्याच वेळाने "ताई, चहा गार झाला," म्हणाला तेव्हा मी केवढ्याने दचकले! कप कधीचा माझ्या उजव्या हाताशी होता.

तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्यात साधा चेहरा लावला. काही हलत नाही, डुलत नाही. पट्टी डावीकडे उभी, निरोप डावीकडे खाली, अक्षरं ठळक, बाण मोठा. माझं काम सुरळीत चाललं. संध्याकाळी निघताना तो हळूच म्हणाला, "कोपरा मला हलवता आला, ताई. डोळ्याचं मला काही करता यायचं नाही. दाखवून घ्या."

"गोगलगाय अन् पोटात पाय!" मी म्हटलं खरं, पण रडू काही आवरेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, थेंब घातले तर उरलेली टिकेल. वर्ष का घालवलंत म्हणून झापलं, ते वेगळंच.

चार दिवसांच्या रजेनंतर आले, तर दवाखान्यात कल्ला. पाचही मशीनांवर सगळं डावीकडे! रिपोर्टच्या खिडकीवरची तर भडकलीच होती. "याला उजवीकडचं काय वावडं आहे? चार दिवस मी भलतीकडेच बाण नेतेय!" मोठे डॉक्टरही वैतागले. "कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझी आवड, साहेब," गोगलगाय मान खाली घालून म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं एकटीचंच मशीन वेगळं दिसलं असतं, तर कोणीतरी कारण विचारलं असतं. म्हणून या शहाण्याने पाचही तशीच केली आणि सगळ्यांची बोलणी खात उभा होता. मला ते बघवेना.

"त्याला बोलू नका," मी म्हटलं. "माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही. माझ्यासाठी केलंय त्याने. मला कुठे बसवायचं तिथे बसवा, पण त्याला बोलू नका."

मोठे डॉक्टर उगाच चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला उठवलं तर त्या रांगेला आवरणार कोण? बसा जागेवर."

रिपोर्टवाली उठली. आपली खुर्ची फरफटत आणून तिने माझ्या उजव्या अंगाला लावली. "उजवीकडून येणाऱ्यांना मी बघते. तुम्ही समोरच्यांशी भांडा."

"अहो, तुमच्या मशीनची वायर इथवर पोचायची नाही!" गोगलगाय ओरडला, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा झटकन हलून टेबलाखाली शिरला.