कपाटावरचा कॅमेरा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचं नाव सांगतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही हेच सांगतात. वडील दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखायचे. दहावीनंतर मीही राखणीला जाणार हे घरात गृहीतच होतं आणि मलासुद्धा त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. निकाल लागला आणि बाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. वडिलांना म्हणाल्या, "बाग राखायला तुम्ही आहात ना? मग हा माझ्याकडे द्या." बारावीपर्यंत मी त्यांच्या पडवीत अभ्यास केला आणि बरेचदा त्यांच्याच पानाला पान लावून जेवलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. ती पदवी माझ्या नावावर आहे एवढंच.

आता बाई निवृत्त आहेत आणि मुलुंडला एका जुन्या इमारतीत एकट्या राहतात. फ्लॅट त्यांच्या मुलाचा. त्याला मी दादा म्हणतो; तो परदेशात असतो. मी घाटकोपरला खोली घेऊन राहतो आणि अंधेरीला एका कंपनीत काम करतो. वायफायवर चालणारे कॅमेरे, दिवे, दारावरच्या घंटा असल्या वस्तू मोबाइलवरून चालवता याव्यात यासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे दादाचा फोन आला तेव्हा त्यात आश्चर्य काही नव्हतं.

"आई बाथरूममध्ये घसरली रे," तो म्हणाला. "किती वेळ पडून होती कोणाला माहीत नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी एक कॅमेरा मागवलाय, तेवढा बसवून दे. तू तर यातलाच आहेस, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम हे शब्द आमच्या धंद्यात मी ज्या ज्या वेळी ऐकले, त्या त्या वेळी माझा रविवार गेला.

कॅमेरा पेरूएवढा होता. बाईंनी तो हातात घेऊन सगळीकडून बघितला आणि विचारलं, "याला डोळा कुठे?" मी दाखवला. पुढच्या खोलीतल्या कपाटावर तो ठेवला, तारेने कपाटामागच्या बटणाच्या प्लगला जोडला, आणि मोबाइल घेऊन बसलो. अ‍ॅप म्हणालं, डिव्हाइस सापडलं नाही. कॅमेरा माझ्यापासून दोन हातांवर होता, निळा दिवा लुकलुकत होता, आणि अ‍ॅपला तो सापडत नव्हता. मग कळलं की घरातल्या वायफायच्या वेगवान पट्ट्यावर माझा मोबाइल होता आणि कॅमेऱ्याला फक्त जुना, संथ पट्टा समजतो. राउटरची सेटिंग बदलायची तर त्याचा पासवर्ड दादाकडे. दादाने पाठवला तो चुकीचा. मग बरोबर पाठवला. मग मोबाइलवर एक चौकोनी कोड आला, तो कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरायचा होता. मी खुर्चीवर चढून, हात उंच करून, मोबाइल मागे-पुढे करत उभा.

"आरती ओवाळतोयस का रे?" बाई म्हणाल्या.

"बाई, हे असंच असतं."

"तू हे शिकलास चार वर्षं?"

मी हसलो, पण आतून चिडलो होतो. शेवटी कॅमेरा जोडला गेला, तर तो दादाच्या खात्यात दिसेना. दादाचं खातं परदेशातलं, कॅमेरा इथे विकलेला. अ‍ॅपच्या मते त्या दोघांची ओळख होऊ शकत नव्हती. दादाने नवीन खातं उघडलं, देश म्हणून भारत निवडला, आणि मी सगळं पहिल्यापासून केलं. खुर्ची, कोड, उंच हात. संध्याकाळ होत आली तेव्हा कपाटावरून दादाचा आवाज आला, "आई! दिसतेयस गं! बघ, किती सोपं आहे."

बाईंनी पदर सारखा केला. मुलाशी बोलताना त्यांनी पदर सारखा केला हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला नाही.

पुढे काय झालं ते बाईंनी मला चैत्रात सांगितलं. घरात नाही. मी दार वाजवलं तर त्या चपला घालूनच बाहेर आल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि मला जिन्याने खाली घेऊन गेल्या. इमारतीच्या फाटकाजवळ वॉचमनच्या बाकावर आम्ही बसलो.

बाईंकडे दुपारी इमारतीतल्या बायका येऊन बसायच्या, ही गोष्ट मला माहीत होती. सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी असतं. मनातलं बोलायला जागा म्हणजे बाईंचं एकटं घर तेवढं. त्यामुळे सासू, सून, गुडघे, नवऱ्याचे स्वभाव, सगळं तिथे निघायचं आणि तिथेच राहायचं. चैत्रातलं हळदीकुंकू बाई हौसेने करतात. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. त्या दुपारी खोली भरलेली होती. शेजारच्या काकूंची ओटी भरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या की मुलाची नोकरी गेली आहे, तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि कुठेतरी बसून परत येतो, सुनेलासुद्धा माहीत नाही.

तेवढ्यात कपाटावरून पुरुषाचा आवाज आला. "काकू, काळजी करू नका. मी बोलतो त्याच्याशी. आमच्या ग्रुपवरच आहे तो."

"एकीच्या हातातलं पन्ह्याचं भांडंच पडलं," बाई म्हणाल्या. "दुसरी म्हणाली, अगंबाई, आकाशवाणी झाली! दोघी-तिघी हसल्या. शेजारची मात्र उठली. ओटी तशीच पाटावर ठेवून गेली."

"दादांचा हेतू वाईट नव्हता."

"हेतूचं काय सांगतोस? माझ्या मुलाचा हेतू कधीच वाईट नसतो. वर आणखी म्हणतो, आई, तू डाळ खाऊ नकोस, तुला गॅस होतो. सगळ्यांसमोर! आता कोणी येत नाही रे. दारातून विचारतात, बाई बऱ्या आहात ना? आणि मान वर करून कपाटाकडे बघतात. आत पाऊल टाकत नाहीत."

"मग तुम्ही बंद का नाही करत?"

"एकदा वर रुमाल टाकला. लगेच फोन आला, आई, कॅमेरा झाकला गेलाय, मला इथे सूचना आली. घर त्याचं आहे. काळजीपोटी करतो. मी काय सांगू? की तुझी काळजी नको?"

तिथून परत येताना मला स्वतःच्या कामाचा आला एवढा राग आधी कधी आला नव्हता. मी ठरवलं, हे सॉफ्टवेअरनेच सोडवायचं. बाईंना त्या अ‍ॅपमध्ये हक्क मिळाला पाहिजे: कॅमेरा कधी चालू, कधी बंद, हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्या साध्या फोनऐवजी माझा जुना मोबाइल त्यांना देता आला असता. पण अ‍ॅपमध्ये मालक एकच असतो. बाकीचे पाहुणे. पाहुण्याला चित्र बघता येतं, बंद करता येत नाही. बाईंना मी त्यात घातलं असतं तर त्या स्वतःच्या घराचं चित्र बघू शकल्या असत्या, एवढंच. कॅमेऱ्याच्या पाठीतल्या भोकात सुई घालून तो कोरा केला, तरी तो मालकाला विसरत नाही. मालकाने परदेशातून सोडचिठ्ठी दिली तरच सुटतो. चोराने उचलून नेला तर त्याला वापरता येऊ नये म्हणून ही सोय आहे. मला माहीत आहे, कारण आमच्याही सॉफ्टवेअरमध्ये ती तशीच आहे आणि तिच्यातला काही भाग मी लिहिलेला आहे.

ऑफिसमध्ये मी आमच्या टीमच्या प्रमुखाला म्हटलं की आपण तिसरा प्रकार ठेवू या. मालक, पाहुणा आणि घरात राहणारा माणूस. ज्याच्यावर कॅमेरा रोखलेला आहे त्याला निदान आवाज बंद करता यायला हवा.

"मस्त आहे रे आयडिया," तो म्हणाला. "पण मागितलंय कोणी?"

"मी मागतोय."

"तू कस्टमर आहेस का? हे बघ, म्हातारी मंडळी कॅमेरा विकत घेत नाहीत यार. त्यांची मुलं घेतात. आणि मुलाने लावलेला कॅमेरा आईने बंद केला की दुसऱ्या दिवशी आपल्याला तक्रार, कॅमेरा चालत नाही. मग तूच बसणार ती सोडवत."

तो वाईट माणूस नाही. त्याचीही आई गावी असते. त्याने माझी सूचना नोंदवून घेतली, आणि आमच्याकडे नोंदवून घेतलेल्या सूचनांचं काय होतं ते मला माहीत आहे. मी जागेवर येऊन बसलो आणि समोरच्या स्क्रीनवर दुसऱ्या कुठल्यातरी कॅमेऱ्याचं 'सापडलं नाही' दुरुस्त करत राहिलो.

दादाशी बोलायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. तो बाईंचा मुलगा. मी त्यांच्या घरी जेवलेला. त्याच्या आईबद्दल त्याला चार गोष्टी सांगणारा मी कोण, हे माझ्या मनातून जात नव्हतं. आमच्यासारख्यांच्या घरात उपकाराला एक वजन असतं. त्याने मान खाली राहते आणि ती तशीच बरी दिसते. शेवटी एका सकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर, मेट्रोत चढायच्या आधी, मीच फोन लावला.

"दादा, बाई पडल्या तेव्हा त्यांना कोणी उचललं?"

"शेजारच्या काकूंनी. का रे?"

"त्यांना कसं कळलं?"

"दुपारी येतात ना गप्पा मारायला. दार उघडेना म्हणून किल्ली आणली. त्यांच्याकडे असते एक."

"त्या आता येत नाहीत, दादा."

मी गर्दीतून पुलाच्या कठड्याशी सरकलो.

"कॅमेरा पुढच्या खोलीत आहे," मी म्हटलं. "बाथरूम त्यात दिसत नाही. दिसायलाही नको. बाई पुन्हा पडल्या तर तुम्हाला रिकामी खोली दिसेल. आणि ज्या काकू दार वाजवायला यायच्या, त्या कॅमेऱ्यामुळेच येत नाहीत."

"तू मला शिकवतोयस?" तो म्हणाला. नंतर आवाज उतरला. "मी त्याला फोनही केला होता, काकूंच्या मुलाला. मला वाटलं, मदत होईल. त्याने मला ग्रुपवरून काढून टाकलं." मग म्हणाला, "आवाज बंद करतो मी. आत्ता करतो. बस?"

त्याने खरंच केला. मला स्क्रीनचा फोटोही पाठवला. आणि पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर आपोआप नवीन झालं आणि आवाज पुन्हा चालू झाला. दादाला पत्ता नव्हता. मी मुलुंडला गेलो तेव्हा खोकलो, आणि दादाने फोन करून विचारलं, "सर्दी झालीय का तुला?" तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं. तो म्हणाला, "शपथेवर सांगतो, मी नाही केलं." माझा विश्वास आहे. असं होतं. आमच्याकडेही नवीन आवृत्ती आली की जुन्या सेटिंगची वाट लागते.

मी तेव्हाच त्याला दुपारी कॅमेरा पूर्ण बंद ठेवायची परवानगी मागितली आणि त्याने दिली. कुरकुरत दिली, पण दिली. त्यानंतर मी बाईंना पत्र लिहिलं. ते असं होतं.

बाई,

पाया पडतो. हे पत्र टपालाने पाठवतोय, कारण तुमच्या घरात बोललेलं दादांकडे ऐकू जातं आणि फोन तुम्ही नेहमी स्पीकरवर घेता.

मी बराच प्रयत्न केला, पण कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला हक्क मिळवून देणं मला जमलं नाही. त्यात तुमच्यासाठी जागाच केलेली नाही. आवाज बंद केला तरी तो आपला आपण चालू होतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

कपाटामागे पांढरं बटण आहे. दुपारी जेवण झाल्यावर ते बंद करा आणि चहाच्या वेळी चालू करा. याबद्दल दादांशी माझं बोलणं झालं आहे आणि ते हो म्हणाले आहेत. त्यांना तिकडे 'कॅमेरा बंद' अशी सूचना जाईल. सवयीने घाबरून त्यांनी फोन केला तर चिडू नका. ते लांब आहेत. तुम्ही पडलात हे दुसऱ्या दिवशी कळलं, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. घर त्यांचं आहे असं तुम्ही म्हणालात. असेल. पण त्या खोलीत जे बोललं जातं ते त्यांचं नाही आणि तुमचं एकटीचंही नाही.

शेजारच्या काकूंकडे तुम्हालाच जावं लागेल. त्या आपण होऊन येणार नाहीत. त्यांना घरी घेऊन या, पण बसा म्हणायच्या आधी त्यांच्याच हाताने ते बटण बंद करू द्या. निळा दिवा विझलेला त्यांनी स्वतः बघितला पाहिजे. बटण बंद केल्यावर तो विझायला थोडा वेळ जातो. घाई करू नका. विझला की मग बसवा.

तुमचा विद्यार्थी