दुसरा बॉल

मंगळवारी सकाळी आठ वाजता, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी, आईने श्वासाच्या व्यायामाच्या तीन बॉलच्या यंत्राच्या नळीत फुंकर मारली. बॉल हलले नाहीत.

"मावशी, आत ओढायचं, फुंकायचं नाही," सिस्टर म्हणाली.

"जन्मभर चूल फुंकली, बाई. तोंडात नळी आली की फुंकरच निघते."

त्याच चुलीच्या धुराने तिची फुप्फुसं अधू केली होती. दुसरा बॉल वर गेल्याशिवाय भूल देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सारखा उठत-बसत होतो. आमच्या घरी तिला निवांत श्वास आत घेताना मी कधी पाहिलं होतं, ते आठवेना.

नवव्या खेपेला दुसरा बॉल वर गेला. सव्वानऊला तिला आत नेलं. दुपारी दीडला सिस्टर बाहेर आली. आई शुद्धीवर आली होती आणि यंत्र मागत होती.