साडूची चिप

एसी दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला सासरी सगळे थंडोबा म्हणत. नाव धंद्यावरून पडलं होतं, स्वभावावरून नाही. स्वभाव म्हणाल तर तापलेला तवा बरा. दिवसभर लोकांच्या भिंतींना लटकून तो एसीत गॅस भरायचा, जाळ्या धुवायचा, आणि संध्याकाळी हातपाय धुतले न धुतले तोच स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. एकेक भाग निवडून आणलेला. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढं बारकाईनं बघितलं नव्हतंत."

छंद असा, की प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपला, कारखान्यानं जो वेग नेमून दिलेला असतो त्याच्या पुढे पळवायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. वेग वाढवायचा तर वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की चिप तापते, आणि अति झालं की मशीन मान टाकतं. या नादिष्ट मंडळींची इंटरनेटवर एक यादी होती. कुठलं मॉडेल कोणी किती पळवलं, त्याची. त्या यादीत पहिल्या दहांत यायचं, एवढंच थंडोबाला हवं होतं. पोरीला चांगले मार्क मिळावेत, घर व्हावं, हे काय, कोणालाही वाटतं.

एकटा होता तोवर तो सुखी होता. मग हे वेड साडूलाही लागलं, आणि लावलं यानंच. साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. हळू बोलायचा, हळू जेवायचा, जिना उतरतानाही पायऱ्या मोजतोय की काय असं वाटायचं. थंडोबा मोठ्या हौसेनं त्याला दुकानात घेऊन गेला. दोघांनी एकाच मॉडेलचे प्रोसेसर घेतले. दोन डब्यांतला एक आधी उचलला तोही थंडोबानंच. मोठा जावई होता ना.

दोन महिन्यांत साडूचं मशीन ५.४ गिगाहर्ट्झच्या वेगावर पोचलं. थंडोबाचं ५.१ वर बैल बसावा तसं बसलं होतं.

एका आईची दोन लेकरं सारखी नसतात, तशाच एका मॉडेलच्या दोन चिपही नसतात. हे या छंदातलं उघड सत्य. थंडोबानं तेच धरून ठेवलं. त्याला हिरा मिळाला, आपल्याला गारगोटी. बाकी फरक कसला? सासरे म्हणायचे, "धाकटे जावई शांत डोक्याचे," की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एसीच्या शिडीवर उभा असतानाही त्याच्या डोक्यात ५.४ घुमायचं. एकदा तर त्यानं बिलावर तोच आकडा लिहिला आणि गिऱ्हाइकानं परत केलं.

एका रविवारी साडू मशीन काखोटीला मारून आला.

"दादा, पंखा घरघर करतोय. जरा बघता का? दोन दिवस राहू दे इथे."

"बघतो की. ठेवा."

साडू गेला. थंडोबानं मशीन सुरू केलं आणि आधी पंख्याकडे नाही, सेटिंगकडे बघितलं. वीज अगदी थोडी दिलेली. एवढ्याशा विजेवर ५.४! म्हणजे चिपच तशी. साडूला दाबून द्यायची अक्कल नाही, एवढंच. आपल्या हातात असती तर सहा कुठे गेलं नव्हतं.

बायको गच्चीवर धुणं वाळत घालत होती. थंडोबानं दोन्ही मशीनं उघडली, चिपवरची उष्णता खेचणारी पेस्ट पुसली, चिप धरून ठेवणारे खटके उचलले आणि साडूची चिप आपल्यात, आपली साडूच्यात बसवली. मग पंखा साफ केला, तेल दिलं, नवी पेस्ट लावली. दोन दिवसांनी मशीन परत देताना म्हणाला, "साफसफाईत सेटिंग पुसलं गेलंय. तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल."

"लावीन की," साडू म्हणाला. "तेवढाच विरंगुळा."

त्याच संध्याकाळी थंडोबानं वीज चढवली. एसीची सवय. गारवा कमी वाटला की भर गॅस. ५.५ वर मशीन दहा मिनिटं चाललं. त्यानं पडद्याचा फोटो काढला, बायकोला दाखवला, आणखी वीज चढवली. पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी ५.५ ला सुरूच होईना. मग ५.३ ला. अजून वीज. आठवड्याअखेर ते कारखान्यानं दिलेल्या वेगावरही धडपणे उभं राहीना. जास्त वीज पाजली की चिप आतून कायमची कामातून जाते, हे त्यानं साडूला पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं होतं.

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. गारगोटी आता साडूकडे होती. बसू दे त्यालाही ५.१ वर डोकं आपटत.

महिन्यानं सासऱ्यांकडे सगळे चहाला जमले. साडूनं फोन सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर-खाली करून यादी वाचली.

"सातवा नंबर. ५.६," सासरे म्हणाले. "अहो, केलंत काय एवढं?"

"डोळे तपासतो तसंच," साडू म्हणाला. "पाव नंबर वाढवायचा आणि विचारायचं, हे बरं की आधीचं बरं? तासभर चालवून बघायचं. कुरकुरलं की पाव मागे. मशीनही सांगतं हो, आपण ऐकलं तर. आणि खरं सांगू का, दादांनी साफ करून दिल्यापासूनच ते सुधारलं. त्यांच्या हाताला गुण आहे."

बायकोनं थंडोबाकडे बघितलं. कौतुकानं. किती वर्षांनी. गप्प बसला असता तर तेवढं पदरात पडलं असतं.

पण सासरे म्हणाले, "हात कोणाचाही असो, चिकाटी तुमची. आणि चिपही तुम्हाला नशिबानं खणखणीत मिळाली."

थंडोबानं कप खाली आदळला. हिरा मुळात त्याच्याकडेच होता. दुकानात त्यानंच आधी उचललेला, त्याचा स्वतःचा. आणि नाव कोणाचं होतंय?

"ती चिप माझी आहे," तो म्हणाला.

कोणालाच कळेना. मेहुणी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

"माझी आहे. मशीन माझ्याकडे होतं तेव्हा मी बदलली. सातवा नंबर माझ्या चिपेचा आहे."

मेहुणीचं हसू तोंडावरच राहिलं. साडू रागावला नाही. त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला आणि पेशंटला विचारावं तशा त्या हळू, मऊ आवाजात विचारलं, "बरं. मग माझी तुमच्याकडे असेल. ती कितीवर चालते, दादा?"

"ती नाही चालत आता," थंडोबा म्हणाला.

बायको उठली आणि कपबशा गोळा करायला लागली. त्याचा कप अजून अर्धा भरलेला होता. तोही तिनं उचलला.