'येतो' न म्हणणारे पाहुणे

सुनंदाताई माझ्या ब्लाउजला टाचण्या लावत होत्या, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातमी आली. परदेशी गुंतवणूकदारांनी पैसे काढून घेतले, शेअर बाजार कोसळला. नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेले सुनंदाताईंचे पैसे म्युच्युअल फंडात होते. ओठांत धरलेल्या टाचण्या काढून त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, आपल्याकडे पाहुणा जाताना 'येतो' तरी म्हणतो हो."

माझं डोकंच फिरलं. हे गुंतवणूकदार आले तेव्हा याच टीव्हीनं त्यांना ओवाळलं होतं. पाटावर बसले, पोटभर जेवले आणि उठताना घरातली भांडीही घेऊन गेले. आता खरकटं काढायला सुनंदाताई!

"घाबरू नका," निवेदिका गोड हसून सांगत होती, "ते नक्की परत येतील."

बाई गं, त्याचीच तर भीती आहे!